मोगरीच्या गळ्यात दोन नंबर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कमलाक्षी परब कोरगावच्या गोठ्यात कंबरभर खोल खड्ड्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांसमोर चार गायींच्या कासा होत्या. दिवस दिवाळीच्या पाडव्याचा. गायींची शिंगं रंगवलेली, अंगावर करवंटीने मारलेले तांबड्या कावेचे गोल ठसे, गळ्यात झेंडूच्या माळा. खड्ड्यातून यातलं काही दिसत नाही. तिथून दिसतात ते मागचे पाय, शेपूट आणि कास. कमलाक्षीने एकीची कास कोमट पाण्याने धुतली, पुसली, चार आचळांना चार कप लावले आणि पुढच्या गायीकडे सरकली. टक-टक असा ठोका सुरू झाला आणि पारदर्शक नळीतून दूध धावू लागलं.

वाकून दूध काढण्याचे दिवस या गोठ्यात गेल्या शिमग्याआधी संपले. आता गाय वर उभी राहते आणि काढणारी खाली, म्हणजे कास बरोबर हाताशी येते. प्रत्येक गायीच्या गळ्यात नायलॉनचा निळा पट्टा आणि पट्ट्यात काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी असते. गाय फाटकातून आत शिरली की फाटकावरचं यंत्र ही डबी वाचतं. मग भिंतीवरच्या स्क्रीनवर गायीचा नंबर येतो, तिने सकाळी किती दूध दिलं ते येतं आणि आता किती अपेक्षित आहे तेही येतं. धार आटली की कप आपोआप सुटतात. दुधात काही बिघाड वाटला तर पिवळा दिवा लागतो. ज्या गायीला औषध चालू आहे तिचा नंबर कमलाक्षीने आधीच लाल करून ठेवलेला असतो. ती आत आली की नळातली झडप खट्कन फिरते आणि तिचं दूध थंड टाकीत न जाता कोपऱ्यातल्या वेगळ्या कॅनमध्ये पडतं.

त्या दिवशी लाल नंबर होता सात. सात म्हणजे मोगरी. चार दिवसांपूर्वी तिच्या कासेला सूज आली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सूज उतरली, पण औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून आणखी काही दिवस तिचं दूध कुणाच्या पोटात जायचं नव्हतं.

कमलाक्षी एकोणपन्नास वर्षांची आहे. माहेर दोडामार्गकडचं. लग्न होऊन कोरगावला आली आणि मुलं शाळेत जाऊ लागल्यावर तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या पेट्या बनवण्याचा तो कारखाना होता. हिरव्या पाटीवर सुट्या भागांचे पाय शिशाने जोडायचे, आणि दिवसभर तेच. अकरा वर्षांनी कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. कमलाक्षीला तिथून दोन गोष्टी मिळाल्या. वायर, दिवा आणि बटण यांची भीती गेली. आणि उजवं मनगट कायमचं दुखरं झालं. त्या मनगटाने ती पोळी लाटते, मासे कापते, पण गाय पिळू शकत नाही. दोन गायींनंतर बोटं बधिर होतात.

गोठा तिच्या थोरल्या दिरांचा, बाबाजी परब यांचा. त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं हाताने दूध काढलं. मग गुडघे गेले आणि मदतीला असलेला गडी मोरजीला हॉटेलात लागला. यंत्र घ्यावं असं कमलाक्षीने सुचवलं. तिचा नवरा शांताराम शाळेची बालरथ बस चालवतो. त्याला गोठ्यात रस नाही, पण बायकोच्या बाजूने बोलायला त्याची हरकत नव्हती. बाबाजी महिनाभर टाळत राहिले आणि मग एका अटीवर हो म्हणाले.

परबांच्या घरी पाडव्याच्या सांजेचं दूध विकत नाहीत. ते वाड्यावर वाटतात. दिवेलागणीच्या आत प्रत्येक घरातलं कुणीतरी भांडं घेऊन येतं आणि त्या दुधाची खीर त्याच रात्री होते. बाबाजींच्या आजोबांच्या काळापासून यात खंड नाही. एका वर्षी गोठ्यात एकच दुभती गाय होती, तेव्हा पळीपळीने वाटलं, पण वाटलं.

“पाडव्याक दूध चुकला,” बाबाजी म्हणाले होते, “तर दुसऱ्या दिवशी भंगारवालो दारात. मगे माका सांगू नकात, की बटण बिघडला.”

यंत्र भंगारात गेलं तर गोठ्यात पुन्हा हाताची माणसं लागणार होती, आणि कमलाक्षीचा हात त्यातला नव्हता. हे तिला माहीत होतं. यंत्र आल्यानंतरचा हा पहिलाच पाडवा होता.

पहिल्या चार गायींचं काम सुरळीत चाललं होतं. स्क्रीनवर चारही नंबर हिरवे होते. वर कठड्याला टेकून सिद्धी मोबाइलवर चित्रण करत होती. सिद्धी बाबाजींची धाकटी मुलगी. पर्वरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते आणि दिवाळीला घरी आली होती.

“काकी, वर बघ गो. रील करतंय.”

“माझा तोंड कित्या? गायींचा घे. त्यो सजल्यो आसत.”

“त्यांचा झाला. आता तुझा. हास मगे.”

कमलाक्षी हसली. तेवढा वेळ तिचे हात सवयीने चालत होते आणि डोळे मोबाइलकडे होते. चार गायी बाहेर गेल्या, पुढच्या चार आत आल्या. दुसऱ्या जागेवर गाय उभी राहिली तसा स्क्रीन लाल झाला. सात. झडप खट्कन फिरली. कमलाक्षीने कास धुवायला हात लावला आणि तो तसाच थांबला.

मोगरीचं उजवीकडचं मागचं आचळ आखूड आहे आणि किंचित बाहेर वळलेलं आहे. समोरची चारही आचळं सारखी होती, आणि डावीकडे मोहरीएवढा काळा तीळ होता.

“सिद्धी, हिच्या कपाळार पांढरी चंद्रकोर आसा काय बघ.”

“कपाळार काव आसा. बाबांनी सगळ्यांक रंगयल्यानी.”

“पूस आणि बघ.”

सिद्धीने ओढणीच्या टोकाने पुसलं. “आसा. अर्धी पांढरी, अर्धी आता गुलाबी.”

म्हणजे ही कवडी होती. कवडीचा नंबर दोन. कवडीच्या गळ्यात सात नंबर कसा आला, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा होता की मोगरीच्या गळ्यात काय आहे आणि ती कुठे आहे. कमलाक्षी पायऱ्या चढून खड्ड्यातून बाहेर आली आणि मागच्या अंगणात गेली.

मोगरी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून शेजारणीच्या गळ्यातली माळ खात होती. माळेत झेंडूबरोबर तांदळाचे छोटे पोळेही ओवलेले होते, ते तिने आधीच संपवले होते. तिची कास सैल होती. म्हणजे दूध निघालेलं होतं. गळ्यात नवाकोरा, चकचकीत निळा पट्टा होता आणि डबीवर दोनचा आकडा. पहिल्या फेरीत दोन नंबर तिसऱ्या जागेवर होता, हिरवा, आणि तिला कप लावताना कमलाक्षीचे डोळे मोबाइलकडे होते. यंत्राने मोगरीचं दूध कवडीचं समजून टाकीत सोडलं होतं.

यासाठी आणखी एक बंदोबस्त होता. औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला कमलाक्षी लाल फीत बांधते, म्हणजे स्क्रीन बंद पडला तरी खड्ड्यातून ओळखता यावी. तिने मोगरीच्या पायाकडे पाहिलं. फीत होती. मग बाकीच्या गायींकडे पाहिलं. दुभत्या तेराही गायींच्या पायांना लाल फिती होत्या, नीट फुलाच्या गाठी मारलेल्या; खड्ड्यातून त्या दिसल्या होत्या, पण नंबर हिरवे म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

“सिद्धी, ह्यो फिती?”

“बऱ्यो दिसतत मां?” सिद्धी म्हणाली. “एकीच्याच पायाक होती. म्हटला बाकीच्यांनी काय पाप केल्यानी? म्हापशाच्या बाजारातसून आख्खो रीळ हाडलो.”

“आणि पट्टे कोणी काढल्यान?”

“मीच. फोटोत ती डबी बरी दिसत नाय. माळ पण तिच्यार अडकता. पण काढून बाल्दीत ठेवले, साबणान धुतले आणि परत घालूक दिले.”

“कोणाक दिलंस?”

सिद्धीने वडिलांकडे पाहिलं.

बाबाजी ओट्यावर आडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी जे सांगितलं त्यात त्यांच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतं. पाडव्याला गायी धुतल्या की जुनी दावी काढायची आणि नवी बांधायची, हे ते लहानपणापासून करत आले. दावं गायीचं नसतं, खुंट्याचं असतं. चांगलं दावं आवडत्या गायीला किंवा आजारी गायीला द्यायचं, मळकं दावं धडधाकट गायीला. कवडीचा पट्टा गेल्या महिन्यातच नवा आला होता; बाल्दीतला सगळ्यांत स्वच्छ पट्टा तोच. मोगरी आजारातून उठलेली. हिशेब सरळ होता.

“मोगरीक नवो दिलंय,” ते म्हणाले. “कवडीक तिचो जुनो. कवडी काय रागावूची नाय.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांक जो हाताक लागलो तो. पट्टो तो पट्टो.”

कमलाक्षीने आवाज चढवला नाही. तिने एवढंच सांगितलं, “भावोजी, मोगरीचा दूध टाकीत गेला. औषधाचा.”

आडकित्ता थांबला. मोगरीला कुठली इंजेक्शनं दिली ते बाबाजींना माहीत होतं, कारण डॉक्टरांबरोबर दोरी धरून तेच उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते घड्याळ गेली दोन वर्षं बंद आहे. मग त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

पहिली भांडेवाली तोवर दारात आली होती. चंद्रावती ही पलीकडच्या घरची, वयाने बाबाजींच्या बरोबरीची. दरवर्षी तीच पहिली येते, कारण तिच्या मते मागून येणाऱ्यांना पाणी मिळतं. तिच्या हातात पितळी तांब्या होता, आणि मागे सून क्षमा मोठा डबा घेऊन.

“काय झाला? तोंडा कित्या पाडून बसलात? यंत्रान दूध पिला काय?”

सिद्धीने झालेलं सांगितलं. चंद्रावतीने ते नीट ऐकून घेतलं आणि व्यवहाराचा सल्ला दिला.

“एका गायीचा दूध तीन गायींच्या दुधात. वर अजून नऊ गायींचा पडतला. काय कळतला कोणाक? माझ्या नातवाक ताप इलो की डॉक्टर असलीच औषधा देता. उलट बरा, आधीच पोटात गेला.”

“तुमच्या नातवाक आज ताप नाय, मावशे,” कमलाक्षी म्हणाली. “आणि ज्येका त्या औषधाचो तरास होता, तेच्या पोटात गेला तर?”

“तसो कोण आसा वाड्यार?”

“माका म्हायत नाय. तुमका म्हायत आसा?”

चंद्रावतीला वाड्यावरचं बहुतेक सगळं माहीत असतं. पण हे माहीत नव्हतं, आणि तिने ते तांब्या खाली ठेवून मान्य केलं.

कमलाक्षी आत गेली आणि टाकीचा खालचा नळ उघडला. चार गायींचं दूध मोरीतून पन्हळात आणि पन्हळातून शेणखड्ड्यात गेलं. ते जाताना क्षमाने मान दुसरीकडे वळवली. बाबाजींनी मात्र शेवटपर्यंत पाहिलं. मग कमलाक्षीने आतल्या चार गायी तशाच बाहेर काढल्या, कप धुण्याच्या तोट्यांवर बसवले आणि धुलाईचं बटण दाबलं. नळ्यांत आणि टाकीत औषधी दुधाचा थेंब राहू नये म्हणून हे भाग होतं. धुलाई चालू असताना यंत्र दूध काढू देत नाही. ते कुलूप मुद्दाम ठेवलेलं आहे, नाहीतर कधीतरी धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकीत जाईल.

तिने डिचोलीला स्वप्नीलला फोन लावला. यंत्राची देखभाल तोच करतो. मागे दिवाळीच्या पोह्यांना जमलेली बरीच माणसं एकाच वेळी बोलत होती.

“ताई, सासुरवाडीक आसंय. फोव खातंय, चौथ्या तऱ्हेचे. बोला.”

“धुलाई मधीच थांबवूक येता काय?”

“येता. पण थांबवू नकात. अर्ध्यार थांबवलात तर सोडो पाइपातच ऱ्हवतलो. पयला पाणी तापतला, मगे दोन फेरे. तास धरा.”

“तासान दिवे लागतले, स्वप्नील.”

“मगे पाण्याक सांगा बेगीन ताप म्हणान,” स्वप्नील म्हणाला, आणि मग आवाज बदलून, “सांजेचा दूध काढूक होया काय? हातान काढा. यंत्र काय म्हणूचा नाय.”

बाबाजी हे ऐकत होते की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पण ते उठले, आत गेले आणि चरवी घेऊन आले. पाडव्याच्या पूजेसाठी ती सकाळीच चिंचेने घासलेली होती. यंत्राच्या खोलीला लागून असलेल्या जुन्या गोठ्यात त्यांनी पाट टाकला, गुडघ्याला शिव्या घालत त्यावर बसले आणि म्हणाले, “कवडीक हाड गो.”

तोवर अंगणात सात-आठ बायका भांडी घेऊन जमल्या होत्या. यांतल्या बहुतेकींच्या घरी पूर्वी गाय होती. चंद्रावतीने पदर खोचला. “मी पण बसतंय. माझो हात अजून गेलो नाय.” दुसऱ्या दोघी बसल्या. कमलाक्षी गायी आणत होती, कासा धुवत होती, फडक्याने पुसत होती. मनगटामुळे तिला धार काढायला बसता येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

कवडीने बाबाजींच्या हाताला पहिली लाथ मारली. चरवी घरंगळत गेली.

“अगो, माका वळखलंस नाय?”

कवडीने ओळखलं असावं, पण पान्हा दिला नाही. बाबाजींनी पाठ खाजवली, गळ्याखाली थोपटलं, जिभेने टकटक केलं. चार-दोन थेंब आले. चंद्रावतीच्या गायीने शेपटीने तिचा चष्मा पाडला. तिसरी गाय सरळ खाली बसली. आठ महिने गायींनी हात पाहिला नव्हता. वेळ झाली की खड्ड्याची जागा, कोमट पाणी आणि कप, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“बाबाजी, तुमचो हात जड झालो,” चंद्रावती म्हणाली.

“तुझो हलको आसा तर तुझ्या तांब्यात किती पडला?”

“नुसतो वास इलो.”

बायका हसल्या, पण भांडी रिकामी होती आणि ऊन अंगणाच्या कडेला गेलं होतं. क्षमाने हळूच विचारलं की दुकानातून पिशवीचं दूध आणावं का. बाबाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि प्रश्न मागे घेतला. कमलाक्षी कवडीच्या गळ्यातला सात नंबरचा पट्टा सोडत होती. पाणी तापेपर्यंत यंत्र मुकाट होतं. भिंतीमागे फक्त हीटरचा बारीक आवाज होता.

मग पाणी तापलं. पंप सुरू झाला, गरम पाणी नळ्यांत शिरलं आणि धुलाईच्या तोट्यांवर बसवलेले कप आपोआप ठोका देऊ लागले. टक-टक. टक-टक. दूध काढताना जो ठोका असतो, तोच.

कवडीने कान फिरवले. तिने एक पाय मागे घेतला, नेमका तसाच जसा ती खड्ड्यावर घेते. बाबाजींचा हात तेव्हा कासेवर नव्हताही. ते चंद्रावतीला काहीतरी उत्तर देत होते. त्यांच्या पायावर काहीतरी कोमट पडलं. त्यांनी खाली पाहिलं. कवडीच्या आचळांतून आपोआप दूध ठिबकत होतं.

“चरवी! अगो, चरवी खंय गेली?”

सिद्धीने चरवी दिली. दोन धारांचा आवाज तळाशी वाजला, मग फेसात बुडाला. चंद्रावतीच्या गायीनेही सोडलं. बसलेली गाय उठली. कमलाक्षीने भिंतीचं दार सताड उघडून दिलं, म्हणजे ठोका नीट ऐकू यावा. आता पाटांवर चार जणी आणि बाबाजी बसले होते आणि सगळ्यांचे हात, ठरवलेलं नसतानाही, त्याच ठोक्यावर पडत होते.

“बँडाबरोबर दूध काढलेला माझा पयलाच,” चंद्रावती म्हणाली. “लग्नात पण इतको बरो बँड नव्हतो.”

“बोलू नको. ताल चुकतलो,” बाबाजी म्हणाले.

गाय गोठ्याची सवय अशी लावून घेते, हे स्वप्नीलने नंतर फोनवर सांगितलं. भांड्याचा आवाज, चाऱ्याचा वास, पंपाचा ठोका, यांतलं जे रोज दुधाच्या आधी येतं त्याला कास उत्तर देते. त्याला यात नवल वाटलं नाही. कोरगावच्या त्या अंगणात मात्र तो विषय पुढचे दोन दिवस चालला.

हात चालू असताना कमलाक्षीने तिचं काम उरकलं. भिंतीवर खडूने गायींची नावं आणि नंबर लिहिलेले आहेत. एकेका गायीचा पट्टा काढून तिने ज्याचा त्याला बांधला; आधी मोगरीचा सात, मग कवडीचा दोन, मग बाकीचे. बारा पायांच्या लाल फिती सोडल्या आणि सिद्धीच्या हातात दिल्या.

“ह्यो शिंगाक बांध. पायाक एकच.”

“मगे फोटोत मोगरी वेगळी दिसतली.”

“ती वेगळीच आसा.”

दिवे लागायच्या आधी नऊ गायींचं दूध निघालं. हाताने काढलेलं, म्हणून यंत्राइतकं नाही. कमलाक्षीने गाळून वाटलं आणि वाटताना प्रत्येकाला थोडं कमी दिलं. कुणी कुरकुर केली नाही; चंद्रावतीने केली, पण ती दरवर्षी करते. वाटप चालू असताना सायकलचा भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, आला. त्याने टोपलीतले उंडे पाव मोजून दिले, आणि त्यालाही पेलाभर दूध मिळालं. तो म्हणाला की वाटेवरून आत काहीतरी वाजताना ऐकलं, वाटलं परबांकडे भजन आहे.

शेवटचं घर गेल्यावर कमलाक्षी ओट्याजवळ आली. बाबाजी गुडघ्यांना तेल लावत होते.

“भावोजी, भंगारवाल्याक कधी बोलवूचा?”

बाबाजींनी तेलाची बाटली बंद केली. “आधी माका घाल भंगारात. पट्टे मीच बांधले.”

“गुडघ्यांका काय भाव येवचो नाय,” चंद्रावती जाता जाता फाटकातून म्हणाली.

“तू अजून हयच? खीर कोण करतला?”

“सून करता. मी ऐकतंय.”

ती गेल्यावर बाबाजी थोडा वेळ भिंतीमागचा ठोका ऐकत राहिले. धुलाईची दुसरी फेरी चालू होती. मग त्यांनी विचारलं, की हा आवाज मोबाइलमध्ये भरून घेता येतो का. वीज गेली तर उपयोगी पडेल. सिद्धी म्हणाली, भरून झालाय, रीलमध्ये आहे, आणि आत्तापर्यंत चारशे जणांनी ऐकलाही.

पुढच्या पाडव्यासाठी बाबाजींनी एक गोष्ट तिथेच ठरवून टाकली. पट्टे गळ्यातून काढायचे नाहीत. माळ पट्ट्यावरून घालायची. नवी दावी आणायची, पण ती खुंट्याला बांधून ठेवायची. कमलाक्षीने उद्यासाठी आणखी एक बदल केला. आजवर गायी आपल्या मर्जीच्या क्रमाने आत शिरायच्या, आणि मोगरी पुढेपुढे असायची. आता औषधाची गाय वेगळ्या दावणीला बांधली जाईल. रात्री झोपण्याआधी तिने मोगरीला तिथे बांधलं आणि चारा घातला.

उद्या पहाटे पावणेपाचला पंप सुरू होईल. हाताने काढलेल्या दुधाची नोंद यंत्राकडे नाही. त्यामुळे नऊ गायींचं सांजेचं दूध बुडालं, अशी पिवळी सूचना स्क्रीन देईल, आणि कमलाक्षी ती एकेक करून पुसेल. बारा गायींचं दूध टाकीत जाईल. सात नंबर सगळ्यांत शेवटी आत येईल.